तिरक्या पायाची फळी

डोळे मिटा आणि एक फळी समोर आणा. सागवानाची, तुमच्या वितीपेक्षा थोडी लांब, चार बोटं रुंद, बोटभर जाड. वरच्या टोकाजवळ तिला एक गोल भोक आहे. खालचं टोक सरळ नाही, तिरकं कापलेलं आहे. आता ही फळी त्या तिरक्या टोकावर उभी करून बघा. पडली ना? पुन्हा करा. पुन्हा पडली. पडणारच. ती एका अंगाला इतकी कललेली आहे की एकटीनं उभं राहणं तिच्या नशिबातच नाही.

आता काचेची एक बाटली आडवी धरा आणि तिची मान त्या भोकात सरकवा. सावकाश हात काढा. फळी तशीच कललेली, बाटली हवेत आडवी, खाली टेकू नाही, वर दोरी नाही, आणि तरी काहीच पडत नाही. फळीला एकीकडं पडायचंय, बाटलीला दुसरीकडं, आणि दोघी एकमेकींना पडू देत नाहीत.

उघडा डोळे. ही फळी दाक्षायणीनं पहिल्यांदा पाहिली ती कागदावर, एकोणीसशे पंचाहत्तर सालच्या एप्रिल महिन्यात. आणि त्या दिवशी तिला फळीत काडीचाही रस नव्हता. तिचं सगळं लक्ष अज्जाच्या समोर कोण बसलंय इकडं होतं.

अज्जा म्हणजे तिचे आजोबा चन्नप्पा. घराण्याचा व्यापार भुसाराचा, पण चन्नप्पांना पहिल्यापासून लाकडाचं वेड. दुकान मुलांच्या हाती सोपवून त्यांनी नवी पेठेच्या मागच्या गल्लीत, घराच्या परसात पत्र्याची शेड घातली होती. तिथं ते पाट, चौरंग, पाळणे, देव्हारे करत. रोज सकाळी पूजा झाली की करवत, रंधा, पटाशी, कानस ओळीनं फरशीवर मांडायची, प्रत्येकाला विभूतीचं बोट लावायचं आणि मगच कामाला हात घालायचा, अशी त्यांची रीत. मांडी घालून काम करायचे ते. लाकूड पकडून ठेवणारं यंत्र त्यांच्याकडं नव्हतं. समोर एक माणूस बसे आणि दोन्ही हातांनी लाकूड धरून ठेवी.

चार वर्षं तो माणूस म्हणजे दाक्षायणी होती. सात वर्षांची असल्यापासून. कुठं घट्ट धरायचं आणि कुठं सैल सोडायचं, हे अज्जाच्या खांद्याकडं बघून तिला कळायचं. तिथं बसून तिला अज्जा कितीतरी गोष्टी सांगत, ज्या घरात दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हत्या.

आणि मार्चमध्ये वैरागहून रुद्राणी आली. काकांची मुलगी, दाक्षायणीपेक्षा वर्षानं धाकटी. पाहुणी म्हणून नव्हे, राहायलाच. जूनपासून ती सोलापूरच्या शाळेत जाणार होती. चौथ्या दिवशी ती शेडमध्ये डोकावली, पाचव्या दिवशी तिनं विचारलं, "अज्जा, मी धरू व्हय?" आणि अज्जा म्हणाले, "धर की."

झालं. दाक्षायणीची जागा गेली. कुणी तिला ऊठ म्हटलं नाही. शाळेतून ती परत यायची तोवर रुद्राणी तिथं बसलेली असायची, एवढंच. मग दाक्षायणी भुसा गोळा करायची आणि मोजायची, अज्जा आज "रुद्रा" किती वेळा म्हणाले आणि "दाक्षा" किती वेळा. हा हिशेब कधीच तिच्या बाजूनं येत नसे. त्यात रुद्राणी तिला गोड आवाजात "अक्का" म्हणायची, आणि भुसा भरू लागायला धावून यायची. कुणी भांडकुदळ असतं तर भांडून मोकळं तरी होता येतं. रुद्राणीशी भांडायला निमित्तच सापडत नव्हतं, आणि त्याचाच दाक्षायणीला सगळ्यात राग यायचा.

तर त्या दिवशी अण्णाराव आले. नवी पेठेत त्यांचं चादरी-टॉवेलांचं दुकान. परदेशी एक साहेब त्यांच्या चादरी बघायला सोलापूरला येणार होता. त्याला काय आवडतं याची अण्णारावांनी मुंबईत चौकशी केली, तेव्हा कुणाच्या तरी घरी त्यांनी ही नवलाची फळी पाहिली आणि तिचं चित्र काढून आणलं. सोबत मापासाठी एक बाटली. ती त्यांनी कापडी पिशवीत, मेथीच्या दोन जुड्यांखाली लपवून आणली होती. चारदा मागं वळून बघून त्यांनी ती बाहेर काढली.

"चन्नप्पाकाका, बाटली दारूची हाय. पर रिकामी हाय."

अज्जी, म्हणजे आजी शांतम्मा, माजघराच्या दारात उभी होती. तिनं सरळ सांगितलं, की ही वस्तू उंबऱ्याच्या आत येणार नाही, आणि शेडमध्ये राहायची तर देवघराच्या भिंतीला तोंड करून राहायची नाही. मग स्वयंपाकघरातला चिमटा आणून तिनं बाटली मानेला पकडली आणि शेडबाहेर हौदाच्या कठड्यावर ठेवली. अण्णाराव हसले, पण स्वतः त्यांनीही हात धुतले.

अज्जांना मात्र चित्रानं झपाटलं होतं. असली वस्तू त्यांनी जन्मात केली नव्हती. संध्याकाळी त्यांनी दोघी पोरींना बोलावलं, सागवानाच्या एकाच पट्टीचे दोन तुकडे केले आणि एकेक दोघींना दिला. एकीनं एक, दुसरीनं दुसरा. जो चांगला उतरेल तो साहेबाला जाईल. दाक्षायणीच्या मनात लगेच पुढचं वाक्य तयार झालं, जे अज्जा बोललेच नव्हते: आणि जिचा चांगला उतरेल ती समोर बसेल.

भोक सोपं होतं. आधी गिरमिटानं लहान पाडायचं, मग गोल कानशीनं घासत घासत बाटलीची मान सैलसर जाईल इतकं मोठं करायचं. खरी मेख होती पायाशी. अज्जांनी दोन्ही फळ्यांचे पाय करवतीनं तिरके कापून दिले, थोडे कमीच तिरके, आणि सांगितलं, "आता घाई न्हाय. कानशीचा एक हात ओढायचा आणि बाटली घालून उभं करून बघायचं. पुन्हा एक हात, पुन्हा उभं करायचं. लाकूड काढता येतं, परत चिकटवता येत न्हाय."

रुद्राणी तसंच करत होती. एक हात ओढायची, उठून हौदावरची बाटली आणायची, फळीत घालायची, पडू लागली की झेलायची, बाटली जागेवर ठेवायची, पुन्हा बसायची. दाक्षायणीची नजर स्वतःच्या फळीवर कमी आणि तिच्या फळीवर जास्त. रुद्राणीची फळी थोडा वेळ डळमळून पडली, म्हणजे आता फार राहिलं नाही, हे तिनं ओळखलं. तिनं कानस घेतली आणि एकदम सहा-सात हात ओढले, चाचपून न बघता.

तिची फळी पडली, बाटलीच्या तोंडाच्या बाजूला. बाटली मागं ओढून बघितली, तर मान भोकातून निसटायला लागली. पाय नको तितका तिरका झाला होता.

पाठीमागं रुद्राणी हळूच म्हणाली, "अज्जा." तिची फळी चौरंगावर उभी होती. हिरवी बाटली तिच्यात आडवी तरंगत होती. अज्जांनी गुडघ्यावर बसून दोन्ही बाजूंनी बघितलं, चौरंगावर बोटानं टकटक केलं. बाटली हलली, थरथरली, पुन्हा स्थिर झाली. अज्जांनी रुद्राणीच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ तो काढलाच नाही. दाक्षायणीनं तेवढा वेळ मनातल्या मनात मोजला. अकरा.

"अक्का, तुझी मी नीट करून देऊ?" रुद्राणीनं विचारलं.

"नको," दाक्षायणी म्हणाली, आणि आपली फळी तिनं जळणाच्या ढिगावर टाकली.

दुसऱ्या दिवशी अज्जांनी रुद्राणीला काचपेपर दिला, फळीला झिलई आणायला. दाक्षायणीला बाटली धुवायचं काम. अण्णाराव उद्या येणार, बाटलीचा वास गेला पाहिजे. म्हणजे रुद्राणीकडं सागवान आणि दाक्षायणीकडं दारूचा वास. दाक्षायणीला वाटलं, अज्जांनी मुद्दाम असं केलं. तसं काही नव्हतं. पण मत्सराचा चष्मा एकदा चढला की साधं ताटसुद्धा वाकडं वाढलेलं दिसतं.

दुपार झाली. पत्रा तापून शेडमध्ये उभं राहवत नव्हतं. अज्जा आत आडवे झाले. अज्जी रुद्राणीला घेऊन गच्चीवर कुरडया घालायला गेली होती. दाक्षायणीनं बाटलीत रिठ्याचं पाणी गळ्यापर्यंत भरलं, तोंडात चिंधीचा बोळा घट्ट बसवला आणि ती तशीच भिजत ठेवणार, तेवढ्यात तिचं लक्ष जळणाच्या ढिगाकडं गेलं. आपलीच फळी वर पडलेली. उद्या सकाळी ती बंबात जाणार. तिला वाटलं, जायच्या आधी आणखी एकदा पडू दे हिला. असा विचार का आला, हे तिलाही सांगता आलं नसतं. दुखऱ्या दाताला जीभ पुन्हा पुन्हा लागते, तसंच काहीसं.

तिनं फळी चौरंगावर ठेवली, भरलेली बाटली तिच्यात सरकवली आणि खाली एक हात धरून दुसरा काढला.

फळी उभी राहिली.

दाक्षायणीनं खालचा हातही काढला. तरी उभीच. तिनं फुंकर मारली. बोटानं टकटक केलं. उभीच. काल जी पडत होती तीच फळी, तीच बाटली; फरक फक्त पाण्याचा. बाटली जड झाली होती, आणि जास्त कललेल्या फळीला ती आता आपल्या बुडाच्या वजनानं मागं ओढून धरत होती.

मग तिचं डोकं भराभर चालू लागलं. फडताळात फ्लॅनेलच्या तुकड्यात गुंडाळलेली रुद्राणीची फळी तिनं काढली. तिच्यात भरलेली बाटली घातली, अगदी मानेच्या फुगवट्यापर्यंत आत सारली, आणि हात सैल केला. फळी बुडाच्या बाजूला सरळ कोसळली. बाटली तिनं मांडीत झेलली म्हणून वाचली. बोळा सुटला आणि परकर रिठ्याच्या पाण्यानं भिजून गेला. तिनं दोन्ही फळ्यांचे पाय शेजारी ठेवून बघितले. रुद्राणीच्या पायाला तोंडाच्या बाजूनं अजून थोडं घासायला हवं होतं. फार नाही, दोन हात, फार तर तीन. अगदी स्पष्ट दिसत होतं.

आधी तिच्या मनात आलं ते चांगलंच आलं, हे सांगितलं पाहिजे. ती धावतच आत निघाली, अज्जांना उठवायला. माजघराच्या दाराशी येऊन थबकली. अज्जा उठले होते आणि गच्चीवरून पाणी प्यायला खाली आलेल्या अज्जीशी बोलत होते. येत्या सोमवारपासून मोठा देव्हारा काढणार होते ते, चार महिन्यांचं काम. अज्जीनं विचारलं, समोर कोण बसणार?

"रुद्रालाच बसवीन म्हणतो," अज्जा म्हणाले. "पोरीचा हात लई शांत हाय. माझ्या आईचा हात असाच होता बघ."

दाक्षायणी उंबऱ्यावरून मागं फिरली. चार वर्षांत अज्जांनी तिला आपल्या आईबद्दल कितीतरी सांगितलं होतं. तुझा हात तिच्यासारखा आहे, असं कधी म्हटलं नव्हतं.

रुद्राणीची फळी तिनं होती तशी फ्लॅनेलमध्ये गुंडाळून ठेवली. स्वतःची पुन्हा ढिगावर टाकली, पण या वेळी जरा खाली सरकवून, सहज हाती लागणार नाही अशी. संध्याकाळी तिनं अज्जीला साळसूदपणे विचारलं, साहेब त्या फळीत बाटली रिकामी ठेवतो का भरलेली? अज्जी म्हणाली, "भरलेली बाटली चारचौघांत कुणी मांडतं व्हय? शोभेला असंल, रिकामी." घरात सगळ्यांचं हेच मत होतं. दारू म्हणजे लपवायची वस्तू. ती बैठकीत पाहुण्यांसमोर कुणी सजवून ठेवत असेल, हे त्या घरात कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. दाक्षायणीनं स्वतःची समजूत घातली. रिकामीच ठेवतील. मग सांगायची गरजच काय? पण त्याच वेळी तिच्या डोळ्यांसमोर रुद्राणीची फळी पडत होती, अण्णारावांसमोर, अज्जांसमोर. ती जेवताना पडली, वेणी घालताना पडली. दर वेळी रुद्राणीचा चेहरा उतरायचा आणि दाक्षायणीला गार वाटायचं.

अण्णाराव दुसऱ्या दिवशी दहाला आले, घाईत. साहेब विश्रामगृहात उतरला होता. पिशवीत पुन्हा मेथी होती, आणि मेथीखाली नवी बाटली. लाल मेणानं तोंड बंद केलेली, आतलं गडद पाणी हिंदकळणारी.

अज्जा चपापले. "भरलेली आणलीत?"

"मग रिकामी देऊ काय साहेबाला, भेट म्हणून?" अण्णाराव म्हणाले. "मुंबईच्या माणसानं मुद्दाम पाठवलीय. ह्या फळीत घालूनच त्याच्या टेबलावर ठेवायची. एकुलती एक हाय, जपा."

अज्जी तिकडं दारातून दिसेनाशी झाली. अज्जा क्षणभर विचारात पडले, मग हसले. रिकामी राहते म्हणजे भरलेली आणखी घट्ट बसेल, असं ते म्हणाले. पाट नाही का, माणूस बसलं की डगमगायचा थांबतो. आयुष्यभर त्यांनी बसायच्या, मांडायच्या, ठेवायच्या वस्तू केल्या होत्या. वजन आलं की त्या स्थिरच व्हायच्या.

रुद्राणीनं फ्लॅनेल सोडलं. फळी आरशासारखी चमकत होती. चौरंग शेडच्या मधोमध होता, खाली शहाबादी फरशी, आणि फरशीवर सकाळी मांडलेली हत्यारं, प्रत्येकावर विभूतीचं पांढरं बोट. रुद्राणीनं फळी धरली. अज्जांनी, तोंड जरा बाजूला करून, बाटली हातात घेतली आणि तिची मान भोकात सारली.

दाक्षायणी चौरंगाच्या बाजूला उभी होती. याच घटकेची ती कालपासून वाट बघत होती. तिनं रुद्राणीकडं पाहिलं. रुद्राणी श्वास रोखून बाटलीकडं बघत होती. मग तिनं अज्जांकडं पाहिलं. अज्जा अण्णारावांकडं बघून हसत होते आणि त्यांची बोटं बाटलीवरून एकेक सुटत होती. काल दिवसभरात ही फळी तिच्या मनात किती वेळा पडली होती. पण त्या पडण्यात अज्जांची बोटं कधीच नव्हती. फरशीवर काच नव्हती. विभूती लावलेल्या रंध्यावरून वाहणारी दारू नव्हती.

शेवटचं बोट सुटलं. बाटली बुडाकडं झुकली आणि दाक्षायणीच्या दोन्ही तळव्यांत येऊन पडली. तिचे हात आधीच तिथं होते.

अण्णारावांनी कपाळावरचा घाम पुसला. "चन्नप्पाकाका, ही नात म्हणजे विजेचा लोळ हाय की. काय चपळाई!"

अज्जांनी दाक्षायणीच्या डोक्यावर हात ठेवला. "नजर बघितलीत?" ते अण्णारावांना म्हणाले. "चार वर्षं माझ्यासमोर बसलीय ती. माझी दाक्षा."

माझी दाक्षा. दीड महिन्यात हे शब्द पहिल्यांदा आले होते. हात डोक्यावर होता, आणि तो काढायची अज्जांना घाई नव्हती. तिनं गप्प राहायचं होतं, बस्स. कुणाला कधी कळलं नसतं. रुद्राणी रडवेली होऊन म्हणत होती, की परवा तर नीट राहिली होती, माझंच काहीतरी चुकलं. ती पुन्हा पुन्हा तेच म्हणत होती.

"नजर न्हाय, अज्जा," दाक्षायणी म्हणाली. बाटली अजून तिच्या हातातच होती. "मला काल दुपारीच कळलं होतं. भरलेली बाटली हिच्यात राहत नाही. मी भरून बघितली होती."

डोक्यावरचा हात निघाला. कालपासून का बोलली नाहीस, असं अज्जांनी विचारलं नाही. तिला वाटलं, विचारलं असतं तर बरं झालं असतं. रुद्राणीचं रडणं थांबलं होतं. "अक्का," एवढंच ती म्हणाली, आणि तो आवाज गोड नव्हता.

अण्णारावांनी घड्याळ बघितलं. अज्जांनी ओळीतून कानस उचलली. ती त्यांनी रुद्राणीला दिली नाही, दाक्षायणीलाही दिली नाही. चौरंगावर दोघींच्या मध्ये ठेवली.

दाक्षायणीनं बाटली अज्जांच्या हाती सोपवली. ढिगाच्या तळाशी आपली फळी आहे, ती आत्ता आणली तर बाटली तिच्यात उभी राहील, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिनं ढिगाकडं एकदा पाहिलंसुद्धा. मग कानस उचलली आणि मूठ रुद्राणीकडं करून पुढं धरली. तोंडाच्या बाजूनं दोन हात, फार तर तीन, असं तिनं सांगितलं आणि फळी उलटी करून दोन्ही हातांनी घट्ट धरली.

रुद्राणीनं कानस घेतली. दाक्षायणीकडं न बघताच ती घासायला लागली. पहिला हात बरोबर गेला. दुसरा रागानं जरा तिरपा बसू लागला. ते दाक्षायणीला दिसलं, आणि या वेळी ती लगेच बोलली.